टोकियोचा राजा आणि परभणीची प्रजा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आम्ही परभणीकर लग्नात, मुंजीत, एसटीच्या रांगेत, कुठंही म्हणतो. समोरच्यानं ‘परभणी? म्हणजे नेमकं कुठं?’ असं विचारलं तर हमखास म्हणतो. जर्मनीतल्या लोकांना या नात्याची कल्पना असावी असं वाटत नाही. पण गेल्या मे महिन्यात मला एक गोष्ट कळली आणि जर्मनीबद्दलचा माझा आदर वाढला. तिथं म्हणे मोठी माणसं, नोकरीधंदा असलेली, चष्मा लावणारी, टेबलावर पट मांडून बसतात आणि कोणी त्यांना हसत नाही. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाला १९७९ पासून रीतसर पारितोषिक दिलं जातं. एसेन नावाच्या गावात दर ऑक्टोबरात पटावरच्या खेळांचं प्रचंड प्रदर्शन भरतं. आमच्याकडं पोक्त माणसानं चारचौघांत पट मांडला तर लोक एवढंच विचारतात, ‘रिटायर झालात वाटतं?’

मी रिटायर झालेलोच आहे. म्हणजे नोकरीतून. गल्लीतल्या एका छोट्या वाचनालयाचा मी बावीस वर्षं कार्यवाह होतो, आणि गेल्या मे महिन्यापर्यंत तरी त्या पदावरून रिटायर होण्याची कल्पना माझ्या मनाला शिवलेली नव्हती. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं एका राक्षसाच्या संदर्भात त्याचा उल्लेख येणार आहे.

परभणीच्या उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर पडणारी माणसं दोनच प्रकारची. ज्यांना पडावंच लागतं ती, आणि पुण्याहून सुटीला आलेली नातवंडं. नातवंडंसुद्धा एकदाच पडतात. दुसऱ्या दिवशी आमची दोन्ही नातवंडं कूलरसमोर फतकल मारून बसली आणि नातवानं बॅगेतून एक चौकोनी खोका काढला. खोक्यावर उंच उंच इमारती, आणि त्या पाडत निघालेले अक्राळविक्राळ प्राणी.

“आबा, हा ‘किंग ऑफ टोकियो’. तुम्हाला शिकवतो. एकदम सिंपल आहे.”

एवढ्या आयुष्यात मी एक गोष्ट शिकलो आहे. ज्या गोष्टीची सुरुवात ‘एकदम सिंपल आहे’ अशी होते, तिच्यासाठी चष्मा, पेन्सिल आणि एक कप चहा आधी जवळ घेऊन बसावं.

मला वाटलं, खेळ जर्मन असणार, म्हणजे घरचाच. पण तसं नव्हतं. खेळ रचणारा रिचर्ड गारफील्ड हा अमेरिकन, गणितातला डॉक्टर. खेळ पहिल्यांदा काढला २०११ साली, तो फ्रान्समधल्या प्रकाशकानं. पाडायचं शहर जपानचं. आणि शिकायला बसलेलं बिऱ्हाड परभणीचं. संयुक्त राष्ट्रसंघ यापेक्षा फारसा वेगळा नसावा.

प्रत्येकानं एक राक्षस निवडायचा. नातवानं आगीचे लोळ ओकेल असा एक महाकाय सरडा घेतला. नातीनं यंत्राची मांजर घेतली. आमच्या हिनं सगळ्या आकृत्या नीट न्याहाळल्या आणि अंतराळातून आलेला पेंग्विन उचलला. का, तर “बघूनच गार वाटायलंय.” मी गोरिल्ला घेतला. त्याचं नाव ‘द किंग’ होतं. माणसाचा स्वभाव खेळाआधीच उघडा पडतो तो असा.

आता नियम. प्रत्येक राक्षसाला सुरुवातीला दहा बदाम, म्हणजे जीव. सहा फासे, चांगले लिंबाएवढे टपोरे. प्रत्येक फाशावर एक, दोन, तीन हे आकडे आणि उरलेल्या तीन बाजूंना बदाम, वीज आणि पंजा. एकाच आकड्याचे तीन फासे पडले तर तेवढ्या चांदण्या मिळतात. बदाम पडला तर गेलेला जीव भरून येतो. वीज पडली तर हिरव्या काचेसारखे चिमुकले ठोकळे मिळतात. ते साठवून पानं विकत घ्यायची. (वीज साठवून ठेवता येते ही कल्पनाच आम्हाला इतकी रम्य वाटली की पहिला अर्धा तास आम्ही दोघं तेवढंच करत होतो.) आणि पंजा पडला तर दुसऱ्याला ओरबाडायचं. ज्याच्या वीस चांदण्या आधी होतील तो जिंकला, किंवा बाकीचे सगळे मेले तर जो उरला तो जिंकला.

आणि पटाच्या मधोमध टोकियो. चौघं खेळत असले तर तिथं जागा एकाच राक्षसाची. आत शिरताच एक चांदणी. तुमची पाळी पुन्हा येईपर्यंत आत टिकलात तर आणखी दोन. आत बसलेल्याचा पंजा बाहेरच्या सगळ्यांना लागतो. मात्र बाहेरच्या सगळ्यांचे पंजे आत बसलेल्या एकट्याला लागतात. आणि यातली खरी मेख अशी, की टोकियोत असताना बदाम लागू पडत नाही. जखम भरून काढायची असेल तर बाहेर यावं लागतं.

मी म्हटलं, “हे तर कळलं.”

नातू म्हणाला, “बघू.”

पहिल्याच पाळीत मला पंजा पडला आणि मी टोकियोत शिरलो. अहाहा! एक चांदणी. मग पोरांचे पंजे सुरू झाले. दर फटक्यानंतर आत बसलेल्याला विचारायची रीत आहे, की बाबा, तू जागा सोडतोस का? सोडलीस तर मारणारा आत येईल. नातवानं विचारलं, “आबा, सोडताय?” मी म्हटलं, “छट्!” दोन चांदण्या आल्या. नातीनं विचारलं, “आबा, आता?” मी म्हटलं, “राजा आहे मी.” आणखी दोन आल्या. मध्येच मला एकदम तीन बदाम पडले. मी आनंदानं हात पुढं केला, तर नातू म्हणाला, “टोकियोत बदाम चालत नाही, आबा.” आमच्या हिनं काही न बोलता पेंग्विनचे दोन पंजे टाकले. मी मेलो. पाच चांदण्या मिळवून मेलो. खेळ सुरू होऊन पंधरा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

“आता मी काय करू?”

“काही नाही. बघा नुसतं,” नातू म्हणाला.

मी उठून चहा टाकला.

आता माझ्यातल्या समीक्षकाला जागं केलं पाहिजे. वाचनालयात बावीस वर्षं लोकांनी न मागितलेली मतं मी पुस्तकांवर दिलेली आहेत. मग खेळावर का देऊ नयेत? खेळ हीही एक रचनाच असते. तिलाही आशय असतो, आकृतिबंध असतो, आणि तिचंही कोणाला काही कळत नाही असं निघू शकतं.

या खेळाचा पहिला गुण असा, की त्यात नशिबावर अपील चालतं. आपल्या सोंगट्यांत एकदा दान पडलं की पडलं. इथं सहा फासे टाका, हवे ते ठेवा, नको ते पुन्हा टाका. तरी पटलं नाही तर तिसऱ्यांदा टाका. आमच्या शेजारचे वकीलसाहेब डोकावले होते. ते लगेच म्हणाले, “म्हणजे जिल्हा न्यायालय, मग खंडपीठ, मग दिल्ली!” अगदी तसंच. आणि कोर्टासारखंच, अपील केल्यानं हातचं गेलं असाही अनुभव येतो. दोन तिन्ह्या हातात असताना तिसरीच्या नादात मी पुढं काय काय घालवलं ते सांगत नाही. पण गंमत अशी, की दोष आता फाशांना देता येत नाही. काय ठेवायचं ते आपणच ठरवलेलं असतं. धर्मराजाला असे तीनदा फासे टाकायला मिळाले असते तर महाभारत टळलं असतं, असं क्षणभर मनात आलं. मग लक्षात आलं, की शकुनीलाही मिळाले असते.

दुसरा गुण त्याहून मोठा आहे, आणि तो सांगण्यासाठी मला आपल्याच भाषेतला एक जुना शब्द बाहेर काढावा लागतो. सोंगट्यांच्या खेळात एक आणि बारा असं दान पडलं की ते पौबारा. हिंदीत ‘पौ बारह’ म्हणजे नशीब फळफळणं. मराठीनं तोच शब्द उचलला आणि त्याचं काय केलं? पोबारा करणं म्हणजे पळून जाणं! एकाच दानाचे हे दोन अर्थ कसे झाले, याचं मला लहानपणापासून कोडं होतं. ते कोडं या परदेशी खेळानं सोडवलं. टोकियोत ज्याला वेळेवर पोबारा करता येतो, त्याचंच नशीब फळफळतं.

हे मला कळलं ते आमच्या हिचा खेळ बघून. मेल्यावर दुसरं कामच नव्हतं. ही टोकियोत शिरे, एक चांदणी घेई. जमलं तर आणखी दोन घेई. आणि पहिला सणसणीत पंजा लागला की “घे बाई तुझं टोकियो” म्हणून नातीला जागा देऊन बाहेर येई. बाहेर येऊन निवांत बदाम गोळा करी. साठवलेल्या विजेतून तिनं एक पान घेतलं. त्या पानानं तिचा राक्षस शाकाहारी झाला. आपल्या पाळीत कोणाला इजा केली नाही तर त्याला एक चांदणी जास्त मिळते! राक्षसांच्या खेळात शाकाहारी पेंग्विन घेऊन, कोणाचं फारसं वाकडं न करता, ही बाई वीस चांदण्यांवर पोचली. पोरं एकमेकांना ओरबाडतच राहिली.

“कसं काय जमलं गं?” मी विचारलं.

“अवो, त्यात काय? पंगतीत जेवून झालं की उठावं. मागं दुसरी पंगत ताटकळलेली असती. तुमी आपलं ताट धरून बसलाव.”

हे वाक्य ती गोरिल्लाला उद्देशून बोलली असं मी त्या वेळी समजून घेतलं.

आता दोष. समीक्षकानं दोष दाखवले नाहीत तर लोक त्याला प्रकाशकाचा मेहुणा समजतात.

पहिला दोष असा, की सहाही राक्षस नुसते चित्रात वेगळे आहेत. सरडा असो की मांजर, बळ तेवढंच, जीव तेवढाच, दहा बदाम. आपल्याकडं असं चालत नाही. घटोत्कच वेगळा, बकासुर वेगळा. जिंतूर ओलांडून बुलढाण्याच्या बाजूला गेलं की लोणारचं खारं सरोवर लागतं. शास्त्रज्ञ सांगतात की ते उल्कापातानं झालेलं विवर आहे. कथा सांगते की तिथं लवणासुर राहत होता आणि विष्णूनं त्याला मारलं. दैत्यसूदनाचं मंदिर आजही उभं आहे. एकेका राक्षसाला आम्ही इथं एकेक तळं आणि एकेक देऊळ दिलेलं आहे. या लोकांनी नुसतं पुठ्ठ्याचं चित्र दिलं.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे. टोकियोत माणसं नाहीत. इमारती पडतात, आगगाड्या उलथतात, आणि त्याच्या चांदण्या होतात. कोपऱ्यावरच्या दुकानाचं एक पान आहे. ते घेतलं की एक चांदणी. दुकानदाराचं काय झालं, कोणी विचारत नाही. जपान्यांनी १९५४ साली गॉडझिलाचा पहिला चित्रपट काढला तेव्हा हिरोशिमा होऊन नऊच वर्षं झाली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मच्छीमार बोटीवर पडली होती. अणुस्फोटांनी जागा झालेला तो राक्षस टोकियो तुडवत जातो, तेव्हा बघणाऱ्याला मजा वाटावी असा त्यांचा हेतू नव्हता. आपल्या बकासुराची गोष्टही तशीच. गाडाभर अन्न घेऊन राक्षसाकडं कोणी जायचं, याची पाळी एकचक्रा नगरीतल्या घराघरावर येते, आणि गोष्ट सुरू होते ती पाळी आलेल्या घरातल्या रडण्यापासून. तिथं पाळी माणसाची असते. इथं पाळी राक्षसाची असते. हा फरक बारीक नाही.

मी हे सगळं नातीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “आबा, फासे टाका.”

तिसरा दोष मात्र मला स्वतःला झोंबला. या खेळात मेला तो मेला. आपल्या पचिशीत मारलेली सोंगटी घरी जाते आणि पुन्हा निघते. गोष्ट लांबते, भांडणं वाढतात, पण पंगतीतून कोणी उठत नाही. पचिशी विलायतेला जाऊन १८९६ साली लुडो झाली; पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आमच्या जर्मनीत तिचा एक अवतार निघाला, आणि त्यांनी त्याचं नावच ठेवलं, ‘माणसा, चिडू नकोस’. तिथंसुद्धा मेलेली सोंगटी परत येते, म्हणून तर चिडू नकोस असं सांगता येतं. परंपरा ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते त्या मोक्षपटात साप गिळतो, पण खाली सोडतो. पुन्हा चढायला मोकळीक असते. वेरूळला एकविसाव्या लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसले आहेत, चौदाशे वर्षं होत आली. अजून कोणी उठलेलं नाही.

आणि इथं? खोक्यावर ‘तीस मिनिटं’ असं लिहिलंय. त्यातल्या पंधराव्या मिनिटाला माणूस बाद होतो आणि उरलेली पंधरा मिनिटं दुसऱ्यांचे फासे बघत बसतो. पहिल्या डावात मी चहा केला, दुसऱ्या डावात माठ भरला, तिसऱ्या डावात कलिंगड कापलं. मेलेल्या माणसाकडून इतकं काम करून घेणारा दुसरा खेळ मी पाहिलेला नाही. पण कामापेक्षा ते बघत बसणं अवघड होतं. आपल्यावाचून डाव चाललाय, आणि चांगला चाललाय, हे बघणं.

चौथ्या डावात नातवानं एक पान उचललं आणि खूष झाला. महागातलं पान होतं. मी वाचायला मागितलं. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘त्याला एक पोर आहे’. हे पान ज्याच्याजवळ असेल तो राक्षस मेला तरी खेळातून जात नाही. त्याच्या सगळ्या चांदण्या जातात, सगळी पानं जातात, आणि दहा बदाम घेऊन तो नव्यानं सुरू करतो. म्हणजे त्याचं पोर खेळायला उतरतं.

मी ते पान बराच वेळ हातात धरून ठेवलं. नातवाला वाटलं, इंग्रजी अडलं.

पुनर्जन्म या खेळात आहे तर. फक्त तो फुकट मिळत नाही, आणि आधी तरतूद करून ठेवावी लागते. कमावलेल्या चांदण्या बरोबर नेता येत नाहीत. तिसरा दोष मी अर्धा मागं घेतला.

इथं वाचनालयाचं सांगायला हवं. वर्षभरापासून एक तरुण शिक्षिका आमच्या कार्यकारिणीत आल्या आहेत. उत्साही आहेत. मुलांसाठी शनिवारी दुपारी एक टेबल मांडावं, गोष्टीची पुस्तकं ठेवावी, दोनचार पटावरचे खेळ ठेवावे, असं त्यांनी तीन सभांत सुचवलं. तिन्ही सभांत मी म्हणालो, “वाचनालयात फासे?” आणि विषय संपला. बावीस वर्षं टोकियोत बसलेल्या माणसाचा पंजा बाहेरच्या सगळ्यांना एकदम लागतो, हे मी मघाशी नियमांत सांगितलंच आहे. त्यांचेही पंजे मला लागत होते. कोणी वर्गणी थकवली की मला झोप येत नव्हती, छत गळलं की माझं रक्तदाब मोजायचं यंत्र बाहेर निघत होतं. डॉक्टर गोळ्या वाढवत होते. त्या लागू का पडत नाहीत, हे त्यांना कळत नव्हतं. मला आता कळलं होतं.

नातवंडं परत गेली. जाताना खोका इथंच ठेवून गेली, “आज्जीच्या प्रॅक्टिससाठी.” पुढच्या सभेत मी राजीनामा ठेवला आणि शिक्षिकाबाईंचं नाव सुचवलं. माझी समजूत अशी होती, की आता वकीलसाहेब उठतील, चारदोन जण गहिवरून ‘निदान दिवाळीपर्यंत तरी थांबा’ म्हणतील, आणि मी नाही नाही म्हणत तिसऱ्या आग्रहाला विरघळेन. वकीलसाहेब उठले. त्यांनी राजीनामा मंजूर करण्याचा ठराव मांडला. तो एकमतानं पास झाला. चहा आला.

घरी आलो तेव्हा माझा चेहरा बघून हिनं काही विचारलं नाही. पट काढला, मांडला. दोघंच खेळलो. मी टोकियोत शिरलो, दोन फटके खाल्ले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, “सोडतो.” बाहेर आलो. पुढच्या पाळीला सहापैकी चार बदाम पडले.

“आता घ्या,” ही म्हणाली. “आता चालतंय.”

तेव्हा अभिप्राय असा. खेळ आठ वर्षांच्या वरच्या कोणालाही जमतो, असं खोक्यावर छापलेलं आहे. मला साठीच्या पुढं जमला. राक्षस ठीक, फासे उत्तम, माणसांची आठवण नाही, मेलेल्याची सोय अपुरी. तरी घरात असावा. सध्या मात्र तो घरात नाही. शनिवारी दुपारी वाचनालयातल्या टेबलावर असतो. मी जातो अधूनमधून. पोरं मला गोरिल्ला देतात. मी मेलो की चहा मीच करतो.